जावे की राहावे? मुंबईच्या साथींचा इतिहास आणि आपण



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, राजे, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेपुरत्या त्या पाठ करायच्या आणि पेपर झाला की विसरून जायच्या, असा आपला रिवाज आहे. यात दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही, आम्हा शिक्षकांचाही आहे. परंतु इतिहासात असेही काही प्रश्न असतात की जे एके दिवशी अचानक आपल्या दारात येऊन उभे राहतात आणि उत्तर मागतात.

असा एक प्रश्न एप्रिल २०२० मध्ये माझ्याकडे आला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली होती. लोकल बंद, शाळा बंद, मशिदीही सामुदायिक नमाजसाठी बंद. रमजान तोंडावर आला होता. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. गृहस्थ मूळचे मंडणगड तालुक्यातले. इथे मीरा रोडला टेम्पो चालवून संसार करणारे. एका खोलीत पाच माणसे, टेम्पो महिनाभर जागेवर उभा, भाडे थकलेले, आणि गावी वृद्ध वडील एकटे. ते म्हणाले, "सर, गावाला जाऊ की इथंच राहू? तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल तसं करतो."

वाचकहो, मी इतिहासाचा पदवीधर आहे. वर्गात साथीच्या रोगांवर मी बोललेलो आहे. परंतु त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "अल्लाह मार्ग दाखवील, थोडे थांबून पाहा," असे काहीतरी बोलून मी फोन ठेवला. ती गोष्ट मनाला लागून राहिली. पुढे मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न नवा नाही. आपल्याच मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी लाखो माणसांनी तो एकमेकांना विचारला होता, आणि त्याच्याही फार पूर्वी तो हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे उभा राहिला होता. त्या वाचनातून जे हाती आले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवीत आहे.

मांडवीतला ताप

सन १८९१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत आपल्या मीरा-भाईंदरची लोकसंख्याही ८ लाखांच्या वरच भरली. म्हणजे त्या काळची संपूर्ण मुंबई आपल्या २०११ मधल्या गावाएवढी होती, अशी कल्पना करा. आपला परिसर तेव्हा साष्टीतला ग्रामीण भाग होता. मिठागरे, भातशेती आणि उत्तनकडची मासेमारी हीच इथली ओळख.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काही माणसे विचित्र तापाने मरू लागली. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनी गजबजलेला भाग. जांघेत वा काखेत गाठ येई, कडाक्याचा ताप भरे आणि चार-पाच दिवसांत रोगी दगावे. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान करून जाहीरपणे सांगितले. आरंभी पुष्कळांनी ते मानले नाही. परंतु महिना-दोन महिन्यांत मृत्यूंचे आकडे असे वाढले की शंकेला जागा उरली नाही.

आणि मग मुंबई रिकामी होऊ लागली. कोणी आगबोटीने कोकणात गेले, कोणी घाटावर गेले. व्यापारी मंडळी गुजरात, काठेवाड आणि कच्छकडे निघाली. आज आपण ज्या मार्गावरून रोज लोकलने चर्चगेटला जातो, त्याच मार्गाने, भाईंदर मागे टाकून आणि वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून कितीतरी कुटुंबे उत्तरेकडे गेली असतील. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे ४ लाख माणसे, म्हणजे जवळजवळ निम्मे शहर, मुंबई सोडून गेले होते. गिरण्यांत हजेरी इतकी घटली की मालक रोजच्या रोज पगार देऊ लागले आणि रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून जास्त मजुरीची बोली लावून मजूर मिळवू लागले. एरवी ज्या मजुराला कोणी विचारीत नसे, त्याला प्लेगने काही दिवस भाव आणला.

रोगाची भीती आणि इस्पितळाची भीती

लोक केवळ रोगाला भिऊन पळाले, असे समजणे मात्र अपुरे होईल. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी नगरपालिकेने हुकूम काढला की प्लेगच्या रोग्याला सक्तीने इस्पितळात नेले जाईल. त्याचा परिणाम उलटा झाला. इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही, एवढेच लोकांनी पाहिले होते, कारण बहुतेकांना तिथे अखेरच्या घटकेला नेले जाई. रोग्यांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, अशा अफवा पसरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. प्रशासनालाही माघार घ्यावी लागली. तत्कालीन आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती सफाई कामगारांची. त्या वेळी त्यांना हलालखोर म्हणत. हे लोक शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. सक्ती सैल करण्यामागे हेही एक कारण होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी आढळला की तो इस्पितळात आणि घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत. आपल्या समाजाला यातील सर्वांत झोंबलेली गोष्ट होती ती स्त्रियांची तपासणी. पडद्यातील स्त्रीला परक्या पुरुषाने हात लावून तपासणे हे गरिबातल्या गरीब घरालाही सहन होणारे नव्हते. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागात एका मोमीन विणकराच्या घरी प्लेगची पथके पोहोचली. घरात बारा वर्षांची आजारी मुलगी होती. बापाने नकार दिला, गल्लीतील माणसे जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल भडकली. त्यानंतर मात्र सरकारी धोरण नरम झाले. निरनिराळ्या जातिजमातींनी स्वतःची प्लेग-रुग्णालये चालवावीत, तेथे त्यांच्या चालीरीती पाळल्या जाव्यात, या विचाराला बळ मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहण्यास शिका. मुलीला वेगळे ठेवणे वैद्यकदृष्ट्या आवश्यक होते, हे खरे. परंतु ज्याला समजावून सांगितलेले नाही, ज्याच्या अब्रूची पर्वा केलेली नाही, तो माणूस रोग लपवितो किंवा पळून जातो, हेही तितकेच खरे. विश्वास नसेल तिथे औषधही उपयोगी पडत नाही.

गेले त्यांचे काय झाले?

मुंबईहून गेलेल्या माणसांबरोबर प्लेगही गेला. पुणे, कराची आणि कच्छमधील मांडवी ही गावे पाहता पाहता त्याच्या तावडीत सापडली. पुढील दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात प्लेगने १ कोटीहून अधिक बळी घेतले. तेव्हा जे गेले ते चुकले, असे म्हणावे काय? इथेच गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधला होता. परंतु तो माणसात शिरतो कसा, हे १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी दूषित हवेला दोष देत होते, कोणी घाणीला. सरकारी पथके घरे धूत होती, गटारांत जंतुनाशके ओतीत होती. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले की उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसू दुसरे रक्त शोधते आणि माणसाला चावते. आरंभी त्याची थट्टाच झाली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने मात्र त्याचे म्हणणे पक्के ठरले.

आता आपल्या खेड्यांतील जुनी माणसे काय करीत, ते आठवा. घरात उंदीर पडू लागले की गाव घर सोडून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहावयास जाई. साथ ओसरली की परत येई. त्यांना पिसवांचे शास्त्र माहीत नव्हते, परंतु अनुभवाने सापडलेला हा उपाय अगदी बरोबर होता. मेलेल्या उंदरांच्या घरापासून दूर जाणे म्हणजेच पिसवांपासून दूर जाणे. याउलट मुंबईच्या चाळीतून बिछाने, कपडे आणि धान्याची पोती घेऊन दूरच्या नातेवाइकाच्या घरी जाणे म्हणजे पिसवाही बरोबर नेणे. दोघेही घर सोडूनच गेले. परंतु एकाने जीव वाचविला आणि दुसऱ्याने रोग पोहोचविला. म्हणजे "जावे की राहावे" याचे उत्तर केवळ जाण्यात वा राहण्यात नव्हते. रोग कोणत्या वाटेने चालतो, या ज्ञानात ते होते.

राहिले ते

राहणाऱ्यांतही दोन प्रकार होते. पुष्कळ जण राहिले, कारण त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. गावी जमीन नाही, घर नाही, तिकिटाला पैसे नाहीत. अशा माणसांचे राहणे हा निर्णय नव्हता, ती लाचारी होती. इतिहास लिहिताना त्यांची नावे कोणी नोंदवीत नाही, म्हणून आपण त्यांची आठवण ठेवावी.

दुसरे काही जण जाता येत असूनही राहिले. पुण्यात अनेक प्रतिष्ठित मंडळी गाव सोडून गेली असता लोकमान्य टिळक तिथेच राहिले आणि त्यांनी प्लेगचे रुग्णालय चालविण्यास हातभार लावला. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा आरंभिली. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणारी ही माउली अखेर रोग्यांच्या सेवेत गेली, हे आमच्या विद्यार्थिनींनी विसरू नये.

मुंबईत त्याच वेळी डॉ. हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला भीत होते. अशा वेळी सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान पुढे आले. त्यांचे वय तेव्हा विशीच्या आसपास होते. त्यांनी सर्वांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली, हाफकिन यांना कामासाठी स्वतःची इमारत वापरावयास दिली, आणि ते पाहून हजारो खोजा बांधवांनी लस घेतली. परळची प्रयोगशाळा पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. एक मुसलमान पुढारी, एक यहुदी शास्त्रज्ञ आणि भीतीने गांजलेले एक शहर! ज्याच्या शब्दाला समाजात किंमत आहे, त्याने आधी स्वतःची बाही वर करावी, हा यातील धडा आहे.

हजरत उमर परतले ते का?

आता मागे जाऊ. हिजरी सन १७-१८ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ६३८-६३९ मध्ये, हजरत उमर (रजि.) सीरियाच्या दौऱ्यावर निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) भेटले आणि सीरियात साथ पसरल्याचे कळले. इतिहासात ही अमवासची साथ म्हणून ओळखली जाते. हजरत उमर यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. मुहाजिरांना विचारले, त्यांच्यात मतभेद झाला. अन्सारांना विचारले, त्यांच्यातही मतभेद झाला. मग कुरैशांतील वडीलधाऱ्यांना विचारले. त्यांनी एकमुखाने परत जाण्याचा सल्ला दिला. अबू उबैदा यांनी विचारले की आपण अल्लाहने ठरविलेल्या नशिबापासून पळून जात आहात काय? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की होय, अल्लाहने ठरविलेल्या एका गोष्टीकडून अल्लाहनेच ठरविलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही जात आहोत. उंट हिरव्या उतारावर चारला काय किंवा उजाड उतारावर चारला काय, दोन्ही त्याच्याच मर्जीने. पण मग शहाणा माणूस हिरवा उतार का सोडील?

तेवढ्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. त्यांनी हजरत पैगंबरांचा (स.) आदेश सांगितला. त्याचा भावार्थ असा, की एखाद्या प्रदेशात साथ असल्याचे ऐकाल तर तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे ती उद्भवली तर तिच्यापासून पळण्यासाठी बाहेर पडू नका. हजरत उमर यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते मदिनेस परतले.

आपल्यापैकी बहुतेकांनी ही हकीकत ऐकलेली असते. परंतु पुढची हकीकत कमी लोकांना ठाऊक असते. हजरत उमर यांनी अबू उबैदांना मदिनेस बोलावून घेण्याचा प्रयत्न केला. आपल्या सैनिकांना सोडून येण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा हजरत उमर यांनी कळविले की निदान सैन्याला सखल, दमट जागेतून उंच आणि निरोगी जागेत हलवा. अबू उबैदा त्या साथीतच गेले. त्यांच्यामागून आलेले हजरत मुआज बिन जबल (रजि.) हेही गेले. शेवटी हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगून राहावयास सांगितले आणि साथ आटोक्यात आली.

ध्यानात घ्या, यात चार वेगवेगळे निर्णय आहेत. बाहेरच्याने आत न जाणे, जबाबदार माणसाने आपली माणसे न सोडणे, आजारी जागा सोडून मोकळ्या जागी जाणे, आणि गर्दी मोडून पांगणे. चारही निर्णय एकाच शहाणपणातून आलेले आहेत. आपला जीव वाचवा, पण आपला रोग दुसऱ्याच्या दारात नेऊ नका. आमच्या धर्मात नशिबावर विश्वास आहे, परंतु नशिबाचे नाव घेऊन बेपर्वाई करण्यास परवानगी नाही.

या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबई बंदरातून हज यात्रेकरूंचे जाणे सरकारने बंद केले होते, तेव्हा पुष्कळांची मने दुखावली. २०२० मध्ये खुद्द सौदी सरकारने बाहेरून येणारी हज यात्रा थांबविली आणि तेथे राहणाऱ्या मोजक्याच लोकांना परवानगी दिली. तेव्हा मात्र सर्वांनी ते समजून घेतले. तत्त्व एकच होते. कोणी सांगितले आणि कसे सांगितले, यात फरक होता.

१९१८ आणि १९९४

प्लेगनंतर वीस-बावीस वर्षांनी, जून १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची दुसरी लाट भयंकर आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू झाले. हा रोग श्वासातून पसरणारा. त्याला उंदीर लागत नव्हता, पिसू लागत नव्हती. माणूस हाच त्याचे वाहन होता आणि आगगाडी ही माणसाचे वाहन. हिंदुस्थानभर त्याने १ कोटीहून अधिक माणसे नेली. इथे प्लेगच्या वेळचा उपाय, म्हणजे गाव सोडून दुसरीकडे जाणे, उपयोगी नव्हता. एक साथ शिकविते ते दुसरीला जसेच्या तसे लागू पडत नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली. काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून निघाली. त्यांत खाजगी डॉक्टरही होते, हे खेदाने नमूद करावे लागते. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून पुष्कळ जण मुंबईकडे आले. सुदैवाने मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपासच राहिली, कारण या वेळी प्रतिजैविक औषधे हाताशी होती. रोगापेक्षा भीतीच लांब धावली. पुढच्या वर्षीपासून त्याच सुरतेने सफाईची अशी मोहीम चालविली की तिचे नाव देशभर झाले.

२०२० आणि आपले गाव

आता आपल्या गावाकडे येऊ. मीरा-भाईंदर हे मुळात निघून आलेल्यांचे गाव आहे. कोणी मुंबईत जागा परवडेना म्हणून आले, कोणी १९९२-९३ च्या दंगलींनंतर जुनी वस्ती सोडून आले, कोणी कोकणातून, कोणी उत्तर प्रदेशातून पोटासाठी आले. म्हणून टाळेबंदी होताच प्रत्येक घरात गावाची आठवण निघाली. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील, शिलाईच्या गाळ्यांतील कारागिरांची मजुरी थांबली. काशीमिऱ्याहून महामार्गाने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली आपण पाहिली. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या. देशभरात त्यांतून सुमारे ६३ लाख लोक गेले. तत्पूर्वी आणि त्यानंतरही किती जण पायी गेले, याची मोजदाद करणे कठीण आहे. ८ मे रोजी औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, तो दिवस रमजानचाच होता.

रोग श्वासातून पसरणारा होता. तेव्हा शास्त्र सांगत होते की आहात तिथे राहा. परंतु ज्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपावे लागते, ज्याच्या घरात डब्याचा तळ दिसू लागला आहे, त्याने कसे राहावे? घरातल्या घरात अंतर ठेवण्यास घर तरी हवे ना? "राहा" म्हणणाऱ्याने राहण्याची सोय करून दिली पाहिजे. हजरत उमर यांनी सैन्याला नुसते राहा म्हटले नाही, निरोगी जागा दाखविली. आपल्याकडे मोहल्ल्यामोहल्ल्यांतून शिधावाटप झाले, कितीतरी घरमालकांनी भाडे सोडले, तरुणांनी प्राणवायूची नळकांडी पोहोचविली. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानशी संबंधित स्वयंसेवकांनी कोरोनाने मेलेल्या मुसलमानांना दफन केले आणि ज्यांचे नातलग पोहोचू शकले नाहीत अशा हिंदू बांधवांचे दहनही त्यांच्या रीतीने केले. ज्यांनी कोणाला तरी राहता येईल असे केले, त्यांनी डॉक्टरांइतकेच साथ रोखण्याचे काम केले, असे मी मानतो.

एक योगायोगही सांगतो. मार्च २०२० मध्ये मुंबईतील पहिल्या कोरोना रुग्णांना जिथे ठेवले, ते कस्तुरबा रुग्णालय म्हणजेच १८९६ साली जमाव चालून गेला ते आर्थर रोडचे इस्पितळ. या वेळी तिथे कोणी दगड घेऊन गेले नाही. लोक तपासणीसाठी रांगेत उभे राहिले. सव्वाशे वर्षांत आपण काहीच शिकलो नाही, असे म्हणू नये.

आणि ते टेम्पोवाले गृहस्थ? ईदपर्यंत ते मीरा रोडलाच राहिले. मोहल्ल्यातून मिळालेल्या शिध्यावर महिना निघाला. मग रीतसर पास काढून कुटुंबासह गावी गेले. कोकणात तेव्हा अनेक गावांनी वेशीवर अडसर घातले होते. चाकरमानी म्हटला की लोक दचकत. यांना चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवले. त्यांनी तक्रार केली नाही. नंतर मला म्हणाले, "सर, ज्या वर्गात मी चौथीपर्यंत शिकलो, त्याच वर्गात चौदा दिवस काढले. अब्बा रोज असरनंतर कुंपणापाशी येऊन उभे राहायचे. मी आतून सलाम करायचो, ते बाहेरून जवाब द्यायचे. जवळ यायला मीच मना करायचो." वडील सुखरूप राहिले, अल्हम्दुलिल्लाह.

ज्या प्रश्नाचे उत्तर मी पदवी घेऊन देऊ शकलो नाही, ते त्यांनी कुंपणाच्या आत उभे राहून दिले. ते गेले, पण रोग घेऊन वडिलांच्या दारात गेले नाहीत.

आपण काय शिकावे?

वाचकहो, पुन्हा कधी अशी वेळ येईल, हे अल्लाह जाणे. परंतु आली तर "शेजारी गेले म्हणून आम्ही गेलो" असे होऊ नये. निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा रोग कशाने पसरतो? हे जाणत्या डॉक्टरला विचारा, मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपाला नव्हे. दुसरा, मी जिथे जाणार तिथे कोण आहे? वृद्ध आहेत काय, दवाखाना किती दूर आहे, आणि काही दिवस वेगळे राहण्याची सोय व तयारी आहे काय? तिसरा, मी गेलो तर मागे कोणाचे अडणार आहे? डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, दुकानदार, शिक्षक, यांच्यासाठी हा प्रश्न पहिला ठरतो.

आणि समाज म्हणून चौथा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःस विचारावयाचा आहे. ज्याला राहावेच लागणार आहे, त्याचे काय? त्याच्या चुलीची, भाड्याची, औषधाची व्यवस्था आपल्या मोहल्ल्यात आहे काय? आपल्या शाळेची इमारत अशा वेळी कामास येईल काय? साथ आल्यावर हे ठरवावयास वेळ नसतो.

विद्यार्थी मित्रहो, १८९६ मध्ये मुंबईकरांना पिसू माहीत नव्हती, म्हणून ते अंधारात धावले. तुम्हांला ते माहीत आहे, कारण कोणीतरी कराचीच्या एका खोलीत मेलेल्या उंदरांपाशी बसून ते शोधून काढले. उद्याचा रोग कसा चालतो, हे शोधणारा तुमच्यातलाच एखादा असू शकेल. विज्ञानाच्या तासाला आणि इतिहासाच्याही तासाला नीट लक्ष द्या, एवढीच एका शिक्षकाची तुम्हांला विनंती. आणि पालकांनो, पुढच्या वेळी कोणी मला "जाऊ की राहू?" असे विचारले, तर मी फोन लगेच ठेवणार नाही. आधी विचारीन, "भाई, गावी कोण कोण आहे?" आणि मग आपण मिळून ठरवू.